श्वेताचा बिबट्या

बोरीवलीत राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला लागून ज्या सोसायट्या आहेत, त्यांतल्या एकीत सहदेव परब वॉचमन. त्याची मुलगी श्वेता एम.टेक. करत होती. विषय कम्प्युटर व्हिजन, म्हणजे चित्रात काय आहे ते यंत्राला ओळखायला शिकवायचं.

तिकडच्या सोसायट्यांत कॅमेऱ्यासमोर कुत्रं हललं तरी बिबट्या आला म्हणून बोंब उठायची. श्वेतानं तोच प्रकल्प घेतला. सहदेवनं आजूबाजूच्या वॉचमनना गळ घातली, सेक्रेटऱ्यांपुढे हात जोडले आणि लेकीला कॅमेऱ्यांतली चित्रं मिळवून दिली. श्वेता एकेक चित्र उघडून जनावराभोवती चौकट आखत बसायची. डोळ्यांची वाट लागली. पण शेवटी तिचा प्रोग्राम अंधुक उजेडातही कुत्रा कुठला, बिबट्या कुठला ते सांगू लागला.

मार्गदर्शक सुबोध सर खूश झाले. "यावरचा रिसर्च पेपर अनिरुद्ध लिहील, त्याचं इंग्रजी चांगलं आहे," म्हणाले. अनिरुद्ध त्यांच्याकडेच पीएच.डी. करत होता. पेपर छापून आला तेव्हा त्यावर त्या दोघांचीच नावं. श्वेता सगळ्यात खाली, आभाराच्या ओळीत.

"अगं, आधी नोकरीचं बघ," सर म्हणाले. "पेपर काय, होतील पुढे."

मालाडच्या एका कंपनीत ती मुलाखतीला गेली, तर समोर अनिरुद्ध. त्याला तिथं लागून काही महिने झाले होते. शेजारी त्याची मॅनेजर दर्शना. अनिरुद्धनं नजर न उचलता विचारलं, "अंधारात बिबट्या ओळखताना मॉडेल कुठं चुकतं?"

श्वेतानं सगळं सांगितलं. पावसात भिजलेली पाठ चमकते, मग ठिपके हरवतात, मग काय करावं लागतं, सगळं.

दर्शना हसली. "अनिरुद्ध, हिनं तुझा पेपर पाठच केलाय यार!"

"पाठ नाही केला मॅडम. ते काम माझं आहे. विचारा याला."

अनिरुद्धनं घसा खाकरला. "श्वेतानं चित्रं जमवायला खूप मदत केली होती. टीमवर्कच होतं ना ते."

आठवड्यानं कंपनीची मेल आली. ज्ञान उत्तम, पण आमच्या टीममध्ये जमणार नाही.

सहदेवनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गप रवली असतंस तर काय झाला असता गो? आमी गेटार रोज गप रवतो. म्हणान घर चालता."

अनिरुद्धनं फसवलं, ते तिनं गिळलं असतं. बापाचं हे बोलणं गिळवेना. त्यानंतर बाप-लेकीत या विषयावर बोलणं झालं नाही.

पुढे जाईल तिथं पहिला प्रश्न एकच, पेपर आहे का? ती थकली. आता घाटकोपरच्या एका क्लासमध्ये मुलांकडून कंपन्यांच्या मुलाखतींची तयारी करून घेते. परवा शिकवताना म्हणाली, "प्रोजेक्टबद्दल बोलताना 'मी केलं' म्हणायचं नाही. 'आम्ही केलं' म्हणायचं."

केतन नावाच्या मुलानं विचारलं, "पण मॅडम, एकट्यानंच केलं असेल तर?"

"तरीही," ती म्हणाली, आणि फळ्याकडे वळली.

तिची मुलं पटापट नोकरीला लागतात. मालाडच्या त्या कंपनीतसुद्धा.