तोंड उत्तरेकडे धरून

संत्र्याच्या सालीचा वास आला की धरमपेठेतली ती खोली आठवते. आम्ही दोघे देणार होतो त्या बँकेच्या परीक्षेच्या आदल्या दुपारी काटोलच्या माझ्या मित्राने तिथे, त्याच्या खोलीत, दिशेच्या प्रश्नावर बोट ठेवून विचारले, "माणूस डावीकडे वळला म्हणते, पण आधी तोंड कुठं होतं ते दिलंच नाही. मंग काय करू गा?" मी घाईत म्हणालो, "उत्तरेकडे धर." घरी आल्यावर चूक उमगली, तिथे 'माहिती अपुरी' हाच पर्याय निवडायला हवा. सांगायला सायकल बाहेर काढली, बँकेत जागा थोड्या आहेत हे आठवले, आणि ती परत भिंतीला लावली. परीक्षेत तसेच प्रश्न आले. माझी निवड झाली, त्याची नाही. तरी तो संत्र्यांची पिशवी घेऊन आला, "तुह्यासारखा शिकवणारा भेटत नाही गा." आजही वाटते, त्या दुपारी माहिती अपुरी नव्हती, त्याच्या खोलीची दिशा आणि अंतर, दोन्ही मला ठाऊक होते.