आईचा सुटलेला झेल

मोबाइलच्या आधीच्या काळातला, हातात मावणारा एक व्हिडिओ गेम मी सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणला. त्यात एका नामवंत क्रिकेटपटूचे छोटे छोटे खेळ आहेत. पडद्यावर तोच पळतो, तोच झेल घेतो. आईचा तो लई लाडका. चादरीच्या कारखान्यात माग चालवून तिची बोटं माझ्यापेक्षा चपळ झालेली. पण खेळताना एक झेल सुटला, की ती अख्खा गेम बंद करून पहिल्यापासून सुरू करायची.

“अगं, तीन सुटेपर्यंत चालतं!” मी वैतागून ओरडलो.

“धागा तुटलेला दिसल्यावर माग चालू ठेवतंय व्हय कोण?”

तिनं विणलेली चादर मी वीस वर्षं पांघरतोय. त्या चादरीत एकही चूक अजून सापडलेली नाही.