सुमन आल्यावर पुढचा धडा

सुधाबाई गेल्याचं मला मुरबाडच्या एसटी स्टँडवर कळलं. शाळेतला जुना शिपाई धोंडू भेटला. "सर, फ्रेंचच्या बाई गेल्या. तुमाला ठावं नाय?" एवढं बोलला आणि त्याची धसईची गाडी लागली म्हणून पळाला. मी बाकावर बसून राहिलो. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याआधी जुना राग वर आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात… मला ते जमलं नाही.

शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या आमच्या शाळेत फ्रेंच कशाला, असं नव्वदच्या दशकात सगळेच विचारत. त्या विषयात मार्क पडतात, असं संस्थेच्या अध्यक्षांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं. पुस्तक एकच, ते आठवी ते दहावी पुरवायचं. मी गणित शिकवायचो आणि सगळ्या विषयांचं वार्षिक नियोजनही माझ्याच गळ्यात होतं. बाईंचं पुस्तक दिवाळीपर्यंत सुसाट धावायचं आणि मग चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखं जागेवर. कारण दिवाळी उरकली की पाड्यांवरची घरंच्या घरं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची आणि पोरंही त्यांच्याबरोबर. ती परत येईपर्यंत बाई नवा धडा घ्यायच्या नाहीत. जुन्याच धड्यांची नाटकं बसवायच्या, उरलेलं पुढच्या जूनमध्ये भरून काढायच्या.

"परत आल्यावर पुस्तक पुढे गेलेलं दिसलं, की पोर दारातूनच माघारी फिरते, सर."

"बोर्ड कुणासाठी थांबत नाही, बाई."

हा आमचा ठरलेला वाद. तसा थांबण्याचा त्यांना नादच होता. शिक्षकांच्या खोलीत एखादी गंमत रंगात आलेली असायची आणि कुणी हात धुवायला उठलं, की बाई गप्प. "येऊ दे त्यांना." आम्ही वैतागायचो, हसायचोही.

माझी मीनल दहावीला गेली तेव्हा मात्र माझं हसू आटलं. दहावीनंतर पुढचा जून नसतो. त्या वर्गात पाड्यावरून दहावीपर्यंत पोचलेली एकटी सुमन होती, मीनलच्याच बाकावरची. फ्रेंच बोलायला लागली की आम्ही व्हरांड्यात थांबून ऐकायचो. दिवाळीनंतर तीही निघाली. आई पुढे, डोक्यावर बोचकं घेतलेली सुमन मागे. शाळेच्या फाटकाशी थांबून ती म्हणाली, "परीक्षेच्या आधी येताव आमी, बाई. फुडं नका जाऊ."

पुस्तकातलं कुटुंब तेव्हा समुद्रावर सुट्टीला निघालं होतं. जानेवारी उजाडला तरी ते आपलं बॅगा भरून दारातच उभं. एके दिवशी माझा तोल गेला. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मी म्हणालो, "एका मुलीसाठी अख्खा वर्ग बुडवताय तुम्ही!" एरवी शब्दाला शब्द लावणाऱ्या बाई त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "हो सर, माझंच चुकतंय."

पण पुढे गेल्या नाहीत. सुमनही आली नाही. बाई भट्टीवर जाऊन आल्या, तेव्हा तिथेच तिचं लग्न ठरलेलं होतं. बाईंनी उरलेले धडे शेवटच्या काही दिवसांत कोंबले. मीनलला सगळ्यात कमी मार्क फ्रेंचमध्ये पडले. त्यानंतर मी बाईंशी कामापुरतंच बोललो.

त्या गेल्याचं सांगायला मी मीनलला पुण्याला फोन केला. आता ती चाळिशी ओलांडलेली. कधी, कसं ते तिने विचारलं. मग म्हणाली, "बाबा, दिवाळीनंतर बाईंनी पुस्तक उघडायला सांगितलं होतं. तुमचं ऐकलं होतं त्यांनी. आम्हीच उघडलं नाही. पहिली मी. म्हटलं, सुमन आल्यावर."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"बाई म्हणाल्या, घरी विचारलं तर माझं नाव सांगा. आणि तुम्ही तर मला विचारलंच नाहीत…"

मुलांनी हट्ट धरला तरी मोठ्या माणसाने तो मानावा का, हे मला आजही ठरवता येत नाही. ज्या मुलीसाठी सगळे थांबले ती आली नाहीच, हेही खरं. मन काही स्वस्थ होत नाही.

परवा शहापूरला त्यांच्या घरी भेटायला गेलो. बाईंची धाकटी बहीण शेवटचा दिवस सांगत होती. "सकाळी पेज घेतली, मग खिडकीशी बसायचं म्हणाली, मग मला हाक मारली आणि…" तेवढ्यात दूध उतू जाईल म्हणून तिची सून आत गेली. बहीण बोलता बोलता थांबली. दहा-बारा माणसं होतो, पण पुढे काय झालं असं कुणी विचारलं नाही. मुरबाडची माझी गाडी सुटायची वेळ झाली होती.

"येऊ दे तिला," मी म्हणालो.