धुराड्याशी धरलेली पट्टी

घरोघरी मशरूम पिकवायच्या खोल्यांना पंखे बसवून देणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळे पट्टीकाका म्हणत. खिशात पातळ कागदाची एक पट्टी कायम असायची, आणि ती धरून पाहिल्याशिवाय गडी घराबाहेर पाऊल टाकत नसे.

आज एका शिक्षिकेकडे पंखा बसला. मशरूमच्या खोलीतली कोंदट हवा भिंतीबाहेर जाऊ लागली आणि बाई खूश झाल्या. पट्टीकाकांनी मात्र सगळी दारं-खिडक्या लावून घेतली आणि न्हाणीघराचं दार दोनदा वाजवलं.

"आत कोणी नाही हो!" बाई हसल्या.

तरी ते क्षणभर कान देऊन थांबले. मग आत जाऊन गॅसचा गीझर पेटवला आणि पट्टी त्याच्या धुराड्याच्या तोंडाशी धरली. ती वर ओढली जायला हवी होती, पण ती घराच्या बाजूला वळली.

"बघा! पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढी कुठून तरी आत ओढतोच. हा विषारी धूर घरात येतोय. ताज्या हवेसाठी भिंतीला वेगळं भोक पाडायला हवं."

"आता जेवायची वेळ झाली, काका. काकू ताटकळल्या असतील. उद्या पाडा."

 काकांनी पंखा आणि गीझर बंद केला, ड्रिल उचललं आणि भिंतीला लावलं.

"तुमच्या काकूच्या मशरूमच्या खोलीलाही मीच पंखा बसवला होता," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "भोक उद्या पाडतो म्हणालो, आणि ती गीझर लावून अंघोळीला गेली."