झुमरेताची तिसरी कॉफी

झुमरेता उभं आयुष्य ट्रामच्या तिकीट खिडकीत बसली आणि तिथून लोकांना ‘नाही’ म्हणत आली. सुटे नाहीत, पास चालणार नाही, ही खिडकी बंद आहे. घरी मात्र तिच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकलेला नाही. सारायेवोतल्या बिस्त्रिकच्या चढावरच्या आमच्या गल्लीत दारी आलेल्याला ‘नाही’ म्हणायची पद्धतच नाही. त्यासाठी कॉफी असते. पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची आणि तिसरी ‘उठा आता’ची. तिसरी पुढ्यात आली की पाहुणा घड्याळाकडे बघतो, उशीर झाल्याबद्दल हळहळतो आणि बूट शोधू लागतो. या तिसऱ्या कॉफीने झुमरेताने विमा एजंट, नवऱ्याकडचे चुलते आणि मागणी घालायला आलेला एक विधुर असे सगळे सन्मानाने उठवले होते. तो विधुर मी नव्हे, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी फिनलंडची एक मुलगी भलीमोठी बॅग घेऊन तिच्या दारात उभी राहिली. ताइमी तिचं नाव. सारायेवोच्या विद्यापीठात आमची भाषा शिकायला आलेली. झुमरेताचा मुलगा ऑस्ट्रियात ग्राझला असतो. आईला सोबत हवी असं त्याने परस्पर ठरवून आपली जुनी खोली या मुलीला देऊन टाकली होती. आईला ही बातमी त्याच सकाळी फोनवर कळली.

झुमरेताने मला कुंपणावरून हाक मारली. “नझीफ, ये जरा. साक्षीला बस.”

“कसली साक्ष?”

“कॉफी पाजून तिला वाटेला लावते. उद्या पोरगा म्हणायला नको, आईने हाकललं.”

“ठेव की. घरात बोलायला कोणी तरी होईल.”

“मागचा भाडेकरू कानात गाण्यांची बोंडं घालून जेवायचा. त्यापेक्षा भिंत बरी. भिंत निदान भांडी तरी खरकटी करत नाही.”

ताइमीने दाराशी बूट काढून नीट जोडीने ठेवले. झुमरेताच्या चढलेल्या भुवया किंचित खाली आल्या. मागच्याला हे महिन्यानंतरही जमलं नव्हतं. पहिली कॉफी आली.

“आपल्या आतिथ्याबद्दल मी अत्यंत ऋणी आहे, बाईसाहेब,” ताइमी म्हणाली. ती आमची भाषा अग्रलेखासारखी बोलायची. “वसतिगृहात जागा शिल्लक नाही. आपण नसता तर मी स्थानकावर निवास केला असता.”

झुमरेताने माझ्याकडे बघितलं. मी साखरेच्या खड्याकडे बघितलं.

दुसरी कॉफी गप्पांची; पण ताइमी गप्पच. तिच्या गावी म्हणे न बोलता बसणं हा शिष्टाचार आहे. झुमरेताला ही संधी आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती. तिने गुडघा सांगितला, सून सांगितली, ट्रामचा जुना साहेब सांगितला. मुलगी एकेक शब्द कान देऊन ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, “मग त्या साहेबांचं पुढे काय झालं?” हे मी कधी विचारलं नव्हतं. मला माहीत होतं.

साहेबाचं सांगून झालं आणि झुमरेताला आपलं काम आठवलं. तिने उठून तिसरी कॉफी आणली आणि ताइमीपुढे ठेवली. मी सवयीने माझ्या घड्याळाकडे बघितलं.

ताइमी पिऊन म्हणाली, “उत्तम. आमच्याकडे तिसऱ्या कपापर्यंत कोणी अंथरुणातून बाहेरही येत नाही. अजून मिळेल का?”

झुमरेताने चौथी केली. मग पाचवी. डबा खरवडायचा आवाज बाहेरपर्यंत आला.

“कॉफी संपली. यापुढे भोपळा घालून करू का?” स्वयंपाकघरात बोलावून तिने मला दबक्या आवाजात विचारलं.

“तोंडाने सांग की सरळ.”

“तू सांग.”

“घर तुझं आहे.”

तेवढ्यात ताइमी दारात आली. तिने रिकामा डबा बघितला, बूट चढवले आणि उतार उतरून गेली.

“बघितलंस? लागू पडली कॉफी,” झुमरेता म्हणाली. पण आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. मग तिला दाराशी राहिलेली बॅग दिसली, आणि ती उगाचच टेबल पुसू लागली.

दारावर टकटक झाली. ताइमी हातात कॉफीचं पाकीट आणि साखरेच्या खड्यांचा पुडा घेऊन उभी होती.

“दुकानदाराने विचारलं, कोणाकडे चाललीस? मी म्हटलं, झुमरेताबाईसाहेबांकडे. ऐकून त्यांनी साखरही दिली. म्हणाले, नुसती कॉफी घेऊन गेलीस तर झुमरेता मला बोलेल.”

आमच्या गल्लीत कॉफीचं पाकीट घेऊन दारी आलेलं माणूस म्हणजे रीतसर पाहुणा, आणि रीतसर पाहुण्याला स्वागताची कॉफी द्यावीच लागते. मोजणी पहिल्यापासून. झुमरेता हे माझ्यापेक्षा चांगलं जाणते. तिने पाकीट हातात घेतलं, वास घेतला, आणि भांडं चुलीवर चढवलं.

“बाईसाहेब काय गं? मी काय महापौराची बायको आहे? मावशी म्हण.”

“जी, मावशी.”

“आणि ती बॅग वाटेतून उचल. खोली डावीकडची. खिडकी घट्ट बसते, खांदा लावावा लागतो.”

स्वागताची झाली, गप्पांची झाली. जुन्या साहेबाचं दुसऱ्यांदा सांगून झालं. ताइमीने दोन नवे प्रश्न विचारले. मग झुमरेताने पुन्हा भांडं उचललं, एकच कप भरला आणि तो माझ्यापुढे ठेवला.

मी घड्याळाकडे बघितलं आणि बूट शोधू लागलो.