कापसात सुई वाजत नाही

या, इथं पारावर अशा जवळ येऊन बसा. आणि आधी बोलणी खा. दाढीचं ब्लेड, फुटलेली बांगडी, सगळं तसंच केरात सोडून देता ना? उचलणाऱ्यालाही हात असतात, हे कधी ध्यानात येतं का तुमच्या? रागावत नाही हो. पण आमच्या दवाखान्यातले मामा आठवले की मला गप्प बसवत नाही.

मामा कचऱ्याच्या बादलीला एकदम हात लावायचे नाहीत. लोखंडी चिमट्यानं तिच्यावर दोनदा टकटक करायचे आणि कान खाली नेऊन ऐकायचे. "काच हाय," म्हणायचे. नाहीतर, "सुई बोलतीया." आम्ही चेष्टा करायचो.

"मामा, ताप किती हाय हो बादलीला?"

"तुमच्यापरीस कमी हाय, आक्का."

तो चिमटा मामींनी भाकरीसाठी नारायणगडच्या यात्रेत घेतलेला. मामांनी तो दवाखान्यात आणला म्हणून मामी कितीतरी दिवस त्यांना बोलत होत्या.

मी तिथं आया होते आणि मामा झाडूवाले. बीड जिल्ह्यातला आमचा सरकारी दवाखाना, नाव कशाला सांगू. पूर्वी काचेची सिरिंज असायची, उकळून उकळून तीच वापरायची. मग बाजारात सगळंच नवं यायला लागलं. घरोघरी रंगीत टीव्ही आले, चौकात एसटीडीची दुकानं आली, तशा आमच्याकडं एकदा टोचून फेकायच्या सुया आल्या. टोचणारे खूश झाले. फेकलेलं गोळा करायला मात्र मामा एकटेच.

एक दिवस जिल्ह्याहून साहेब आले. ट्रेनिंग होतं. सगळ्यांना बाकड्यावर बसवून त्यांनी तक्ता दाखवला. रक्तामांसाचं ते पिवळ्या बादलीत, प्लास्टिक लाल बादलीत, सुया पांढऱ्या जाड डब्यात. चहा झाला, रजिस्टरवर सह्या झाल्या. हातमोजे मिळाले म्हणूनही सह्या झाल्या. मोजे मागून येणार होते, ते अजून यायचेत. शेवटी साहेबांनी मामांना उभं केलं.

"काय शिकलात?"

"साहेब, म्या उचलणारा. टाकणाराला शिकवा की."

सगळे हसले. साहेबही हसले आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

आता खरं सांगते. त्या बादल्या नव्याकोऱ्या, जाड, सुरेख होत्या. आठ दिवसांत लाल बादली कंपाउंडरच्या न्हाणीत गेली, पिवळी एका सिस्टरच्या धुण्याला. आणि सुयांचा पांढरा डबा माझ्या घरी. बारीक तोंड, घट्ट झाकण. रेशनचं रॉकेल ठेवायला असला डबा मला कुठून मिळणार होता? कोरा होता हो, एकही सुई त्यात पडली नव्हती. चार दिवस वापरून परत आणीन म्हटलं.

ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आधी बायांच्या ऑपरेशनचा कॅम्प असायचा. त्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सिस्टर आतून ओरडली, "अगं, सुयांचा डबा कुठाय?" डबा माझ्या घरी, रॉकेलनं भरलेला. मी म्हटलं, "टाका सध्या कापसातच."

दुपारी मामा आले. चिमट्यानं टकटक केली, कान लावला. रक्तानं भिजलेल्या कापसात सुई वाजत नाही. "नुस्ता कापूस हाय," म्हणत त्यांनी तो दाबून पोत्यात भरायला हात घातला आणि झटकन मागं घेतला. अंगठ्यात सुई उभी होती. त्यांनी ती उपटली, अंगठा पिळला, चिमट्याकडं बघितलं.

"आज ह्यो बहिरा झाला," एवढंच म्हणाले.

कुणीतरी हळद आणून दिली. मी दिली नाही. मी ऑपरेशनची भांडी मोजत उभी होते.

संक्रांतीला मामांना तीळगूळ द्यायला गेले तर डोळे पिवळे. गळ्यात काविळीची माळ, ती लांबली की कावीळ उतरते म्हणतात. ती माळ लांबत लांबत बेंबीच्या खाली गेली, कावीळ उतरेना. डॉक्टर म्हणाले, रक्तातनं आलेली आहे. मामा तरी कामावर यायचे. अर्धी खोली झाडली की भिंतीला टेकायचे.

त्यातच तपासणी लागली. ज्याच्या त्याच्या घरून बादल्या घासूनपुसून परत आल्या. मी डबा सोड्यानं धुतला, राखेनं धुतला, वास जाईना. साहेबांनी झाकण काढलं आणि नाक मुरडलं.

"हा वास कसला?"

भिंतीकडून मामांचा आवाज आला, "फिनेल हाय साहेब. म्याच धुतला."

साहेबांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि पुढं गेले. मामा माझ्याकडं बघत नव्हते. पिवळ्या बादलीकडं बघून म्हणाले, "आक्का, माझा रंग हिच्यासंगं जुळतुया. मला बी हिच्यातच टाकतेन बगा."

"मामा, त्यो डबा..."

"कळलंय मला. रॉकेलचा वास कुणाला कळत न्हाई? आता जागंवर ऱ्हाऊ द्या त्याला."

होळीच्या आत मामा गेले. दिवसांना गेलते तेव्हा मामींना सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. समोर बसले आणि चहा पिऊन उठले. मामींनी चिमटा माझ्या हातात ठेवला. "माझ्या चुलीवर न्हाई चालायचा आता. तुमीच ठिवा."

तो डबा पुढं तडकला, दवाखान्याच्या मोडीत निघाला, तेव्हा मी मागून घेतला. बाहेरून पट्टी चिकटवलीय. मला साखरेचा आजार आहे, रोजची सुई त्यातच टाकते आणि डबा भरत आला की दवाखान्यात नेऊन देते. उचलायच्या आधी चिमट्यानं टकटक करते. पण हल्ली मला कमी ऐकू येतं. किती भरलाय, कळत नाही.

या ना एकदा घरी, लवकर या. चहा टाकते. तेवढा कान लावून ऐका आणि मला सांगा.