ब्रेकमागची भिंत

राहात्याच्या बाजारतळामागे एका दगडी घराचे दोन भाग झालेले आहेत. पूर्वेकडच्या भागात सुमंत गुरुजी राहतात. पश्चिमेकडे त्यांच्या दिवंगत थोरल्या बंधूची, अवधूतची, पत्नी सुमेधा. दोहोंमध्ये एकच सामाईक भिंत आहे, काळ्या दगडाची, हातभर रुंद. या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे जे वैर नांदले, त्याच्याइतके नेमाने चालणारे वैर मी अन्यत्र पाहिलेले नाही. नित्यपूजेसारख्या त्याच्याही वेळा ठरलेल्या होत्या. प्रातःकाळी गुरुजी सडा असा टाकीत की चिखल नेमका वहिनींच्या पायरीवर व्हावा. आणि दुपारी सुमेधा सोल्डरिंगला बसली की टेबलावरचा पंखा असा फिरवी की धूर नेमका दिरांच्या खिडकीत शिरावा.

अवधूत इलेक्ट्रॉनिक तोलकाटे दुरुस्त करी. पौरोहित्याच्या घराण्यात त्याने हे काम पत्करले, हे धाकट्याने कधी मनापासून क्षमिले नाही. तो गेल्यावर सुमेधेने ती विद्या पुढे चालवली. पेरूच्या व्यापाऱ्यांचे, किराणा दुकानदारांचे काटे तिच्याकडे येऊ लागले. भिंतीलगतची पुढची खोली ही तिची कार्यशाळा; आणि नेमकी तीच खोली गुरुजींना पूजासाहित्याच्या दुकानासाठी हवी होती. खोली गेली तर काम जाणार, आणि काम गेले तर सुमेधेला माहेरी परतण्यावाचून गती नाही, हे दोघांनाही पुरते ठाऊक होते.

एके दिवशी शिर्डी रस्त्यावरचा टायरवाला करण एक मोडके यंत्र घेऊन आला. संगणकावर मोटारशर्यत खेळताना पायाखाली ठेवायची ती तीन पेडले होती.

“काकू, आत काट्यासारखं काहीतरी दिसतंय. बघता का?”

सुमेधेने ते उघडले. एक्सिलरेटरला आणि क्लचला पाय किती सरकला एवढेच कळावे लागते. त्यासाठी एक चुंबक आणि त्याची जवळीक ओळखणारा संवेदक पुरतो. ब्रेकचे शास्त्र मात्र निराळे. तिथे पाय किती सरकला हे गौण. किती जोराने दाबला, हे मोजावे लागते. आणि जोर मोजणे म्हणजे तोलणेच. ब्रेकच्या पोटात तिला ॲल्युमिनियमची ती ओळखीची कांडी दिसली, जी प्रत्येक तोलकाट्याच्या पोटात असते.

“अरे, हा तर आपलाच लोडसेल!” ती म्हणाली.

ते यंत्र तिने दुरुस्त केले, आणि मग स्वतःच एक घडवायला घेतले. लोखंडी पट्ट्या वेल्डरकडून जोडून आणल्या, ट्रॅक्टरच्या जुन्या रबराचे तुकडे ब्रेकमागे बसवले. करणने पाय ठेवला आणि तो ओरडला, “काकू, मी आत्ता दाबतो अन् गाडी उद्या थांबते!”

ही चूक तोलकाट्यांत आयुष्य घालवलेल्याच्याच हातून व्हावी अशी होती. काट्याचा धर्म धीराचा. आकडा थरथरू नये म्हणून तो क्षणभर थांबतो, अनेक मापांची सरासरी काढतो, मगच बोलतो. सुमेधेने तोच धर्म ब्रेकलाही शिकवला होता. शर्यतीत धीर धरणारा कठड्यावर आदळतो. तिने सरासरी काढून टाकली, आणि ब्रेक पावलासरशी लागू लागला.

उरला प्रश्न आधाराचा. सर्व बळ एकवटून दाबले की अवघी चौकट फरशीवरून पुढे घसरे. जमिनीत खिळवू गेली, तर शहाबादी फरशी तडकली. अखेर तिने चौकट काळ्या भिंतीला टेकवली. ती केसभरही हलेना. पुण्याहून, नाशिकहून मागण्या येऊ लागल्या. आणि धाडण्यापूर्वी प्रत्येक पेडल त्याच भिंतीशी, तिच्या पायाखाली पारखले जाऊ लागले.

भिंतीपलीकडे गुरुजींचे देवघर होते.

ज्या संस्कृतीत प्रातःकाळी भूमीवर पाऊल टेकण्यापूर्वी तिची क्षमा मागतात, ग्रंथाला चुकून पाय लागला तर हात कपाळी नेतात, तिथे पायाचा स्पर्श ही क्षुल्लक बाब नव्हे. गुरुजींचा आक्षेप म्हणूनच मला सर्वस्वी मिथ्या म्हणवत नाही. त्यांचा डोळा मात्र देवांवर नव्हता, खोलीवर होता.

ते तिच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. “वहिनी, देवाला लाथा मारताय तुम्ही.”

“ब्रेक दाबतेय.”

“तुमच्या प्रत्येक दणक्याला पलीकडे बाळकृष्ण हलतो.”

“रांगताच आहे तो, भाऊजी. हलायचाच.”

“तुमच्या जिभेला हाड नाही.”

“पायाला आहे. ऐकू येतंच तुम्हाला.”

प्रकरण काकासाहेबांच्या ओट्यावर गेले. काकासाहेब जुने शेतकरी. या घराची वाटणी तोंडीच झाली होती आणि तिचे साक्षीदार तेच, म्हणून त्यांचा शब्द दोघांनाही बंधनकारक. आळीतला शेजारी म्हणून बोलावणे आल्याने मीही जाऊन बसलो होतो.

“गुरुजी, मी बी ट्रॅक्टरचा ब्रेक रोज दाबतो,” काकासाहेब म्हणाले. “देव काय कोपला न्हाई.”

“तुमच्या ब्रेकपुढे देव नसतात.”

“हायेत की. काचंलाच चिकटवल्यात.” ओट्यावर हशा पिकला. मग मात्र काकासाहेब सुमेधेकडे वळले. “पर ताई, देवाच्या पाठीला पाय, हे काय बरं दिसत न्हाई. तितं देव हायेत तवर त्या भितीला पाय लावायचा न्हाई.”

“आणि लावला तर?” गुरुजींनी तत्परतेने विचारले.

“तर खोली तुमची.”

 सुमेधा म्हणाली, “आणि देव तिथं नसतील तर?”

“मंग काय! भित म्हंजी भित.”

गुरुजी मोठ्याने हसले. “आजोबांनी बसवलेले देव आहेत, वहिनी. ते काय उठून बाजाराला जाणार आहेत?”

सुमेधेने चौकट रस्त्याकडच्या भिंतीला लावली. ती विटांची, पातळ. जोर पडला की लवे. तिथे पूर्ण बळ देताच येईना, म्हणून ब्रेकचा कमाल दाब कमी धरला गेला. आणि तेच पेडल गिऱ्हाइकाच्या पक्क्या बैठकीवर गेले की पाऊल टेकताच चाके जाम. नाशिकचा एक संच परत आला.

“काकू, राग नका मानू,” करण म्हणाला, “पण लोक नावं ठेवायला लागलेत.”

मागण्या आटल्या. पलीकडे गुरुजींना विजयाचा सुगंध आला. खोली आज ना उद्या रिकामी होणारच, या निश्चयाने त्यांनी गवंडी आणून मधल्या भिंतीत दार कुठे फोडायचे ते ठरवले. खडूची खूण नेमकी देवघराच्या पाठीशी आली. दार हवे तर देव हलवणे प्राप्त होते. मग ईशान्येकडच्या खोलीचे माहात्म्य त्यांना अकस्मात स्मरले. मुहूर्त काढला, होम झाला, देव यथाविधी नव्या जागी विराजमान झाले. आणि दार फुटेपर्यंत त्या रित्या जागी गुरुजींनी भिंतीला उशाशी घेऊन आपली खाट टाकली.

स्थापनेचे आमंत्रण साऱ्या आळीला होते, सुमेधेला नव्हते. तरी ती आली. डोईवर पदर घेऊन तिने देवांना नमस्कार केला, तळहातावर तीर्थ घेतले, आणि काकासाहेबांच्या समोर विचारले, “भाऊजी, सगळे देव आले ना इकडे? मागं कुणी राहिलं नाही ना?”

“सगळे आले. विधी मला शिकवू नका.”

“छे. विचारून घेतलेलं बरं.”

पुरणपोळीचे जेवण झाले. काकासाहेब ओसरीवर सुपारी कातरीत बसले, मी त्यांच्याशेजारी. गुरुजी आत खाटेवर कलंडले. एवढ्यात दगडाच्या पोटातून दणका उमटला. पाठोपाठ दुसरा. तिसऱ्याला गुरुजी उपरण्यासकट उठून वहिनींच्या खोलीत धावले, आणि त्यांच्यामागे आम्ही.

“वहिनी! शब्द मोडलात! काकासाहेब, बघा, पाय भिंतीला! खोली माझी झाली!”

काकासाहेबांनी आधी काळ्या भिंतीला पुन्हा टेकलेल्या चौकटीकडे पाहिले, मग गुरुजींच्या कपाळावरच्या ताज्या गंधाकडे. “आत्ताच सगळे देव आले म्हनलात ना तुमी? भित म्हंजी भित, गुरुजी. आन् दार फोडायचं असंल तर ताईला इचारून फोडा, निम्मी तिची हाय.”

 सुमेधेने पाय उचलला नव्हता.

“तिकडे आता देव नाहीत, भाऊजी,” ती म्हणाली. “तुम्हीच आहात.” आणि तिने ब्रेक पुन्हा दाबला, पूर्ण बळाने.

नाशिकचा संच नव्याने पारखून रवाना झाला. दार फुटले नाही. देव पुन्हा मूळ जागी आणावेत, तर काकासाहेबांदेखत केलेली प्रतिष्ठा आड येते. खाटही गुरुजींनी तिथून हलवलेली नाही, कारण हलवली तर ती वहिनींच्या पायाने हलली असे आळी म्हणेल. पेडले पारखण्याची वेळ सुमेधेने दुपारची ठेवली आहे, जेवणे आटोपून ते आडवे होतात तेव्हाची.